शरणपूरचे सुभेदार

आजची गोष्ट नाशिकमध्ये सुरू होते आणि मोंबासाजवळच्या एका टेकडीवर संपते. मधे थोडी फौजही येईल. त्याला माझा इलाज नाही.

मी वाढलो बडोद्यात, पण तोफखान्यात असल्यामुळे देवळालीला कोर्सेसच्या निमित्ताने वारंवार जाणं व्हायचं. रविवारी नाशकात जायचं, शरणपूर रोडवर चहा प्यायचा, परत यायचं. हे नाव कुठून आलं, हे मी कित्येक वर्षं विचारलंच नाही. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने ते वसवलं आणि विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने अनेक वर्षं चालवलं. तिथे शरण आलेल्यांत आफ्रिकेची मुलंही होती.

ती नाशकात कशी पोहोचली? अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे आणि सुटलेल्यांना अनेकदा मुंबईच्या बंदरात उतरवत असे. त्यातली कित्येक अगदी लहान मुलं. आई-बाप कुठले, गाव कुठलं, काही पत्ता नाही. त्यांतल्या काहींची रवानगी शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये होई. तिथे त्यांना नवी नावं मिळत, इंग्रजी लिहा-वाचायला शिकवलं जाई, सुतारकाम-लोहारकामासारखे हुन्नर हातात दिले जात. आणि त्यातल्या निवडक मुलांना घडवलं जाई चर्चच्या कामासाठी.

इथे एक शब्द समजून घ्या : कॅटेकिस्ट. अँग्लिकन चर्चची उतरंड आहे. बिशप, त्याखाली प्रिस्ट, त्याखाली डीकन. हे सगळे दीक्षा घेतलेले. कॅटेकिस्ट या उतरंडीच्या बाहेरचा. तो गावात राहतो, शाळा चालवतो, रोजची प्रार्थना घेतो, नव्याने आलेल्यांना धर्म शिकवतो, भांडणं मिटवतो. प्रभुभोजनाचा विधी मात्र तो करू शकत नाही. त्यासाठी किमान प्रिस्टची दीक्षा लागते.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमचे सुभेदारसाहेब आठवले. मी बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट, त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा जास्त. तोफा कुठे लावायच्या, कुठला जवान घरच्या चिंतेने झोपत नाही, कुठल्या नाल्याला रात्रीतून पाणी येतं, सगळं त्यांना ठाऊक. आणि सॅल्यूट पहिला त्यांनी मला करायचा. “साब, आप हुकुम दीजिए,” म्हणायचे. हुकूम काय द्यायचा हेही आदल्या दिवशी त्यांनीच शिकवलेलं असायचं.

आता शरणपूरच्या प्रशिक्षणाची परीक्षा कशी झाली ते पाहू. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला होता. आफ्रिकेतल्या पुढच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरहून नऊ तरुण घेतले. सोबत मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाईही होते. फौजी म्हणून सांगायला जड जातं, पण त्या शिपायांनी काही उजेड पाडला नाही. काही महिन्यांत लिव्हिंग्स्टनने त्यांना परत पाठवलं. नाशिकच्या पोरांबद्दलही त्याच्या तक्रारी होत्याच. त्यातले काही सोडून गेले, काही मेले. पण एडवर्ड गार्डनरसारखा मुलगा सात वर्षांनी, लिव्हिंग्स्टनच्या अखेरीलाही, तिथेच होता.

१८७२ मध्ये आणखी काही नाशिककर मदतीला पाठवले गेले. त्यांत होता जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंग्स्टन गेला. जवळपास एकही गोरा माणूस नाही, पाळक नाही. चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने शव किनाऱ्यापर्यंत न्यायचं ठरलं. काळीज तिथेच पुरलं. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकबने. झाडावर नाव आणि तारीख कोरली ती त्यानेच. मृताच्या सामानाची यादीही त्यानेच लिहून काढली. फौजेत जवान गेला की त्याच्या ट्रंकेतल्या एकेका वस्तूची अशीच यादी होते. मी अशा कमिटीवर बसलो आहे. हात थरथरतो. या मुलाने ते जंगलात, कुणीही न सांगता केलं. मग सगळ्यांनी मिळून ते शव हजार मैलांहून अधिक अंतर वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला आणलं. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता.

ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मला सांगायची आहे ती तिच्या मागची, कमी ऐकलेली.

१८६४ मध्ये, म्हणजे लिव्हिंग्स्टन नाशकात यायच्याही आधी, मुंबई-नाशिकच्या या मिशनमध्ये शिकलेले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे मोंबासाजवळच्या रबाईला पोहोचले. तिथे योहान रेबमन हा म्हातारा होत चाललेला जर्मन मिशनरी होता. किलिमांजारोचं बर्फ पाहिल्याचं युरोपला पहिल्यांदा कळवणारा तो हाच. त्याची दृष्टी जात चालली होती. काम केलं या तिघांनी. १८७४-७५ मध्ये प्राइस मोंबासाला गेला आणि मुक्त गुलामांसाठी फ्रेरे टाउन वसवलं. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांचं. त्याच सुमारास सुमारे दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ इथून तिकडे गेले. मूळ तिथलेच, पण कपडे, शिस्त, इंग्रजी सगळं इकडून नेलेलं. स्थानिकांना ते परके वाटले. नवे गोरे मिशनरी म्हणू लागले, ही मंडळी शेफारली आहेत, पगार मागतात, बरोबरी करतात. आता शिकवलं कुणी होतं?

तिघे राहिले कॅटेकिस्टच. दहा वर्षं, पंधरा, वीस. जॉर्ज डेव्हिड १८८४ मध्ये दीक्षेविनाच गेला. जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा मिळाली १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टनच्या हस्ते. एकवीस वर्षांनी.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाला निघाला आणि सोबत जोन्सला घेतलं. वाटेत जोन्सवर मुख्य तांडा सोपवून बिशप पन्नास माणसांनिशी पुढे गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात तो आणि त्याची बहुतेक माणसं मारली गेली. जोन्स बातमीची वाट पाहत थांबला, मग उरलेल्या तांड्याला घेऊन परत फिरला. फौजेत विचारा, माघार हे सगळ्यात अवघड काम. माणसं घाबरलेली, रसद संपत आलेली, नेता गेलेला. फेब्रुवारी १८८६ मध्ये तो तांडा रबाईत शिरला तेव्हा पुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’. हिब्रू शब्द, अर्थ : वैभव गेलं. बायबल शिकलेल्या माणसालाच सुचावं असं.

आणि याच जोन्सच्या रबाईत किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसरा घेत होते. शेकड्यांनी. मालक संतापले, प्रकरण पेटलं. शेवटी ब्रिटिश कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. एकेकाळी स्वतः विकल्या गेलेल्या मुलाचं गाव शरणपूर झालं होतं.

आपल्याकडे सुभेदाराच्या वर हिंदी माणसाला जाऊ देण्याबद्दल साहेबाने किती काळ घेतला हे तुम्हाला माहीत आहे. देहरादूनची अकादमी १९३२ ची. चर्चने त्या मानाने लवकर केलं, असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार. जोन्सला प्रिस्टची पूर्ण दीक्षा मिळाली १८९५ मध्ये. रबाईला उतरून तेव्हा त्याला एकतीस वर्षं झाली होती.