बेनॉ, रिची

बेनॉ, रिची : (६ ऑक्टोबर १९३०–१० एप्रिल २०१५). ऑस्ट्रेलियाचे अष्टपैलू क्रिकेटपटू, कर्णधार, पत्रकार व दूरचित्रवाणी समालोचक. पूर्ण नाव रिचर्ड बेनॉ. जन्म न्यू साउथ वेल्समधील पेनरिथ येथे. वडील लू हे शिक्षक व लेगस्पिन गोलंदाज.

१९५२ ते १९६४ या काळात ६३ कसोट्यांत त्यांनी २,२०१ धावा केल्या व २४८ बळी घेतले. कसोटीत २,००० धावा व २०० बळी असा दुहेरी पल्ला गाठणारे ते पहिले खेळाडू. लेगस्पिन, गुगली व फ्लिपर ही त्यांची अस्त्रे (→ फिरकी गोलंदाजी). डावातील सर्वोत्तम कामगिरी (७२ धावांत ७ बळी) १९५६ मध्ये मद्रास येथे भारताविरुद्ध. मँचेस्टर येथे १९६१ मध्ये राउंड द विकेट येऊन गोलंदाजांच्या पावलांनी उखडलेल्या जागी चेंडू टाकत त्यांनी ७० धावांत ६ बळी घेतले व ॲशेस राखली (→ ॲशेस मालिका). २८ कसोट्यांत नेतृत्व करताना त्यांनी एकही मालिका गमावली नाही. १९६० ची ब्रिस्बेन येथील बरोबरीतील कसोटी त्यांच्याच नेतृत्वाखालील.

खेळत असतानाच ते सिडनीच्या द सन वृत्तपत्रात गुन्हेवार्ताहर होते. १९५६ मध्ये त्यांनी बीबीसीत प्रसारणाचे प्रशिक्षण घेतले. पुढे बीबीसी, चॅनेल नाइन व चॅनेल फोर या वाहिन्यांवर समालोचन केले. १९७७ च्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटच्या उभारणीत ते सल्लागार होते (→ पॅकर, केरी). पडद्यावरील दृश्यात भर पडेल तेवढेच बोलावे, या तत्त्वामुळे त्यांचे मितभाषी समालोचन दूरचित्रवाणीवरील क्रिकेटसाठी आदर्श ठरले (→ समालोचन).