वर्गनियंत्रण

मध्येच बोलणे, जागा सोडून फिरणे, खोड्या, मारामारी, उलट उत्तरे, अभ्यासाला सरळ नकार अशा वर्तनाला आवर घालण्याची आणि मुळात ते उद्भवू न देण्याची शिक्षकाची कार्यपद्धती.

अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या व १९७० मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. शिस्तीचे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतला फरक शिक्षक कसे रागावतात यात नव्हता; गोंधळ सुरू होण्याआधी ते काय करतात यात होता. फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकाचे भान ठेवणारा, एकाची वही तपासता तपासता दुसऱ्याला नजरेनेच जागेवर बसवणारा शिक्षक वर्ग सांभाळतो. कुजबुज वाढली की अनुभवी शिक्षक शिकवणे न थांबवता त्या बाकापाशी जातो, उघड्या वहीवर बोट ठेवतो आणि पुढचे वाक्य बोलतो. तेच चारचौघांत नाव घेऊन झापले, तर पत राखण्यासाठी मूल उलट बोलते.

खोडी वारंवार होत असेल, तर ती नेमकी केव्हा होते आणि तिच्यातून मुलाला काय मिळते, हे पाहावे लागते. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला चिमटा काढणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले, तर त्याची वाचनातून सुटका होते. पुढच्या तासाला चिमटा ठरलेलाच. त्याला वाचता येते का, फळा नीट दिसतो का, हे आधी तपासले पाहिजे.

गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा पहिल्या दिवशीचा शांततेचा खेळ साफ फसतो, पण गोष्ट सुरू होताच तीच मुले गप्प बसतात. शिकवणे मनाची पकड घेणारे असेल, तर नियंत्रणाचे निम्मे काम तिथेच होते.

भारतात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. छडी, अंगठे धरायला लावणे, ‘ढ’ म्हणून हिणवणे, हे सारे त्यात मोडते. ही मनाई योग्यच आहे. मात्र छडीऐवजी काय करायचे, याचे प्रत्यक्ष वर्गातले प्रशिक्षण शिक्षकांना फार कमी मिळते. दोनच शिक्षक सगळ्या इयत्ता सांभाळतात अशा द्विशिक्षकी शाळेत ही उणीव जास्त जाणवते. तिथे एका इयत्तेला शिकवताना बाकीच्या इयत्तांना स्वतः करता येईल असे काम आधीच आखून द्यावे लागते, कारण रिकामा बसलेला गटच बहुधा आधी बिथरतो.