उंदीर, लोणी आणि बाराशे डॉलर

१/ रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेक हृदयरुग्णांना 'वॉर्फरिन' नावाचे औषध दिले जाते. या नावाचा पूर्वार्ध कोणा शास्त्रज्ञाचा नाही. विद्यापीठातील प्राध्यापकांच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेची आद्याक्षरे त्यात आहेत. त्या संस्थेचा हा इतिहास.

२/ स्थळ, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे विद्यापीठ. काळ, १९२० चे दशक. शेतीविषयक संशोधन वगळले तर सरकारकडून संशोधनास फारसे साहाय्य मिळत नसे. प्राध्यापकाने शिकवावे आणि उरल्या वेळात, उरल्या पैशांत प्रयोग करावेत, अशी स्थिती होती. दुसरा मार्ग म्हणजे रॉकफेलरसारख्या धनाढ्यांचे न्यास.

३/ तो मार्गही ऑगस्ट १९२५ मध्ये बंद झाला. अशा न्यासांकडून देणगी घेऊ नये, असा ठराव विद्यापीठाच्या नियामक मंडळाने संमत केला. मक्तेदारीतून आलेला पैसा विद्येच्या घरात नको, ही त्यामागील भूमिका होती. १९३० मध्ये हा ठराव मागे घेण्यात आला, परंतु मधल्या काळात प्रश्न उरलाच: मग प्रयोगशाळा चालवायच्या कशावर?

४/ उत्तर त्याच विद्यापीठातील उंदरांच्या पिंजऱ्यांत होते. कृषि-रसायनशास्त्राचे प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांना आढळले की, अन्नावर अतिनील किरण सोडले असता त्यात मुडदूस रोखणारा गुण, म्हणजे आज ज्याला आपण 'ड' जीवनसत्त्व म्हणतो ते, उत्पन्न होते. बालकांची हाडे वाकवणाऱ्या व्याधीवर स्वस्त उपाय सापडला होता.

५/ याच विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची पद्धत शोधली आणि पेटंट न घेता ती जगाला दिली. स्टीनबॉक यांनी वेगळी वाट धरली. १९२४ मध्ये त्यांनी पदरचे पैसे खर्चून पेटंटसाठी अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनीने मोठी रक्कम देऊ केली, पण ती स्वतःसाठी घेण्यास त्यांनी नकार दिला. उत्पन्न विद्यापीठातील संशोधनाकडे वळावे, अशी त्यांची इच्छा होती.

६/ पदव्युत्तर विभागाचे अधिष्ठाता चार्ल्स स्लिख्टर यांनी माजी विद्यार्थ्यांना साद घातली. नऊ जणांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले. या ९०० डॉलरांच्या भांडवलावर नोव्हेंबर १९२५ मध्ये 'विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन', म्हणजेच 'वॉर्फ', ही संस्था उभी राहिली. पेटंट सांभाळायचे, परवाने द्यायचे, आलेला पैसा गुंतवायचा आणि उत्पन्नातून विद्यापीठाला अनुदान द्यायचे, हे तिचे काम.

७/ १९२८ साली पहिले अनुदान मिळाले: १,२०० डॉलर. रकमेपेक्षा तिच्या मागची व्यवस्था महत्त्वाची होती. पैसा वॉर्फचा, पण तो कोणत्या प्रयोगाला द्यायचा हे ठरवणार प्राध्यापकांचीच समिती. देणारा हात आणि निवडणारा हात वेगळे ठेवले गेले. जगभरच्या विद्यापीठांत आज छोटी अंतर्गत अनुदाने वाटली जातात, तेव्हा बहुधा हेच तत्त्व मान्य केलेले असते.

८/ थोड्याच काळात महामंदी आली. राज्याने विद्यापीठाच्या खर्चाला कात्री लावली आणि प्राध्यापकांची वेतने घटली. त्या दिवसांत वॉर्फच्या पैशाने अनेक तरुण संशोधकांना तगवून धरले. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांच्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाचे अध्यासन निर्माण झाले, तेही याच पैशातून.

९/ त्याच वर्षी, फेब्रुवारीतील हिमवादळात, एक शेतकरी सुमारे १९० मैल गाडी हाकत विद्यापीठात आला. गाडीत मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त होते. रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांना त्या दिवशी त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. चाऱ्यातील दोषी द्रव्याचे स्फटिक हाती येण्यास १९३९ साल उजाडले.

१०/ सहा वर्षे निष्पत्तीवाचून चाललेला हा शोध वॉर्फच्या साहाय्याने पुढे गेला. त्यातूनच पुढे वॉर्फरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाऊ लागले. ज्या निधीची सुरुवात उंदरांना वाचवणाऱ्या प्रयोगाने झाली, त्यानेच उंदरांचे विषही जगाला दिले.

११/ या कथेला दुसरी बाजूही आहे. विस्कॉन्सिन हे दूध-लोण्याचे राज्य. लोण्याला स्पर्धा होऊ नये म्हणून वॉर्फने मार्गारिन उत्पादकांना परवाना नाकारला. मार्गारिन हे गरिबांचे लोणी, आणि मुडदूसही गरिबांच्याच मुलांना अधिक गाठत असे. १९४० च्या दशकात खटला उभा राहिला, तेव्हा अपील न्यायालयाने या धोरणावर बोट ठेवले आणि पेटंटही अवैध ठरवले. १९४६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

१२/ म्हणून या इतिहासाकडे केवळ यशोगाथा म्हणून पाहता येत नाही. रॉकफेलरचा पैसा नको म्हणणाऱ्या विद्यापीठाने स्वतःचा पैसा उभा केला. प्राध्यापकांना वर्षानुवर्षे धीराने शोध घेण्याचे स्वातंत्र्य त्याने दिले, पण त्या स्वातंत्र्याची किंमत काही अंशी मार्गारिन खाणाऱ्या घरांनी मोजली. एखाद्या शोधनिबंधाच्या अखेरीस अनुदानाचे आभार मानलेली ओळ दिसली, तर ती ओलांडून पुढे जाऊ नका. तो पैसा कुठून आला, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.