हिंगोलीची छावणी आणि पलटणीतील धर्मसेवा

हिंगोली हे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. एकोणिसाव्या शतकात त्याची ख्याती कापसाच्या पेठेइतकीच लष्करी छावणीमुळेही होती. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने जी फौज उभी केली, तिचेच पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ झाले. या फौजेच्या वेतनाची तजवीज म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई), एलिचपूर व हिंगोली ही तिची प्रमुख ठाणी होत. या ठाण्यांचा विचार बहुधा राजकीय व आर्थिक अंगानेच झाला आहे. परंतु घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या शिपायाच्या धर्मजीवनाची व्यवस्था कोण पाहत असे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कारण राज्यसत्ता कोणाचा धर्म आपली जबाबदारी मानते, हे त्यावरून कळून येते.

इंग्रज अधिकाऱ्यांपुरते या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. कंपनीच्या १६९८ च्या सनदेतच गढ्यांतून व वखारींतून धर्मोपदेशक ठेवण्याचे बंधन होते. तद्देशीय भाषा शिकण्याची अटही त्यांच्यावर घातलेली होती. १८१३ च्या कायद्याने कलकत्त्यास बिशप आला. १८३५ मध्ये मद्रासचे व १८३७ मध्ये मुंबईचे बिशपपद निर्माण झाले. अशा रीतीने सरकारी वेतनावरील पाद्र्यांचे एक स्वतंत्र खातेच उभे राहिले, आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून होऊ लागला. हा पाद्रीसाहेब मोठ्या छावणीत राही व लहान ठाण्यांकडे दौऱ्यावर जाई. तो नसेल तेव्हा रविवारची प्रार्थना एखादा अधिकारीच वाचून दाखवी. नामकरण, विवाह, दफन व रुग्णसमाचार ही त्याची कामे. एतद्देशीयांत धर्मप्रचार करणारा मिशनरी आणि हा लष्करी पाद्री या दोहोंत भेद केला पाहिजे. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत स्थापणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री पहिल्या वर्गातले. त्यांचे कार्य गावातील व आसपासच्या लोकांत होते. लष्करी पाद्र्याचे कार्यक्षेत्र मात्र मुख्यतः युरोपियनांपुरतेच राही.

शिपायासाठी असे खाते नव्हते. कंटिन्जंटमध्ये उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या दृष्टीने मराठवाडा हाही परमुलूखच. तेथे रुळण्याची साधने त्यांनी स्वतःच निर्माण केली. दसऱ्यास शस्त्रपूजा होई, मोहरमात ताबूत व निशाणे निघत. पलटणीचा पंडित किंवा मौलवी असला, तर तो पलटणीच्या अंतर्गत व्यवस्थेचा भाग असे; पाद्र्यासारखा सरकारी दर्जा त्यास नव्हता. सरकारचे धोरण सामान्यतः अलिप्ततेचे होते. मात्र ही अलिप्तता सेनापतीच्या स्वभावावर अवलंबून होती, आणि तिचा भंग झाल्यास काय होते ते १८५५ मध्ये बोलारम येथे दिसून आले.

ब्रिगेडियर कॉलिन मॅकेंझी हा धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ होता. त्या वर्षी मोहरमच्या दिवसांत रविवार येत होता. रविवारचे पावित्र्य राखण्यासाठी त्याने त्या दिवशी वाद्ये वाजवीत मिरवणुका काढण्यास बंदी केली. हुकूम पुढे बदलण्यात आला, तरी मने बिघडली ती बिघडलीच. २१ सप्टेंबर रोजी त्याच्या बंगल्याजवळून मिरवणूक चालली असता त्याने निशाण हिसकावून घेतले आणि तिसऱ्या रिसाल्यातील स्वारांनी त्याच्यावर हल्ला करून त्यास घायाळ केले. या प्रकरणी सरकारने ब्रिगेडियरच्या उतावीळपणासही दोष दिला. एकाच छावणीत एकाचा विश्रामदिन सरकारी हुकुमाने रक्षिला जातो आणि दुसऱ्याचा सण केवळ सहन केला जातो, ही विषमता या प्रसंगाच्या मुळाशी होती.

ही उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांत फकिरांचे स्थान मोठे आहे. वरंगळजवळील काझीपेठचे अफजलशाह बियाबानी (मृत्यू १८५६) यांच्या शिष्यवर्गात कंटिन्जंटचे शिपाई होते. त्यांचेच शिष्य बन्ने मियाँ हे स्वतः या फौजेत नोकरीस होते. मोमिनाबादशी त्यांचा संबंध होता. पुढे फकिरी पत्करून ते औरंगाबादेस राहिले व १९२१ मध्ये तेथेच वारले. इतिहासकार नाइल ग्रीन यांनी या परंपरेच्या चरित्रग्रंथांचा उपयोग करून दाखविले आहे की, रजा, बढती, आजार अशा पलटणीतील नित्याच्या चिंता घेऊनच शिपाई या सत्पुरुषांकडे जात. पाद्रीसाहेबाचे अर्धे काम ते कोणत्याही नेमणुकीशिवाय करीत होते.

१९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाले व हिंगोलीची छावणी मोडली. आता या पलटणींना कोठेही धाडता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात विसावा डेक्कन हॉर्स व एकोणतिसावा लान्सर्स हे रिसाले फ्रान्समध्ये लढले. तेथे ना ओळखीचा दर्गा होता, ना स्मशानघाट. अलिप्ततेचे धोरण समुद्रापलीकडे टिकणे शक्यच नव्हते. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये जखमी हिंदी सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरे व हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे निराळे नळ ठेवावे लागले. जवळच्या टेकडीवर ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले; त्या जागी १९२१ मध्ये छत्री उभारण्यात आली. मुसलमान सैनिकांसाठी वोकिंगच्या मशिदीनजीक दफनभूमी राखण्यात आली. यामागे केवळ भूतदया नव्हती. तुर्कस्तान शत्रुपक्षात होते आणि जर्मनीने मुसलमान युद्धकैद्यांसाठी १९१५ मध्ये मशीद बांधली होती. शिपायाची धर्मसेवा हा आता निष्ठेचा, म्हणजेच राज्याचा प्रश्न बनला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सरकारी पाद्र्यांचे जुने खाते बंद झाले. भारतीय सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री व बौद्ध भिक्षू हे सर्वच ‘धर्मगुरू’ म्हणून कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याच्या एकाच श्रेणीत नेमले जातात, आणि मिश्र पलटणींतून ‘सर्वधर्मस्थळ’ असते. या समान दर्जाचे मूळ जसे १६९८ च्या सनदेपासून चालत आलेल्या पाद्र्याच्या पदात आहे, तसेच ते मोमिनाबाद-हिंगोलीसारख्या ठाण्यांतील शिपायांनी सरकारच्या साहाय्यावाचून चालविलेल्या धर्मजीवनातही आहे. पहिल्या धाग्याची नोंद सरकारी दप्तरांत सविस्तर आहे. दुसऱ्याची साक्ष चरित्रग्रंथांत, दर्ग्यांत व छावण्यांच्या जुन्या वस्त्यांत विखुरलेली आहे. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाने ती एकत्र करणे अगत्याचे आहे.