पडसे : प्रौढांतील लक्षणे

नाक व घसा यांच्या श्लेष्मल त्वचेचा हा सांसर्गिक विकार २०० हून अधिक विषाणूंमुळे उद्भवतो, आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसाचा वाटा सर्वांत मोठा आहे. सुरतेच्या कतारगाम भागात हिरे घासणारे कारागीर एकाच घंटीभोवती (हिरे घासण्याच्या फिरत्या चकतीभोवती) खांद्याला खांदा लावून दिवसभर बसतात. अशा ठिकाणी एकाचे पडसे दुसऱ्याकडे जाण्यास विलंब लागत नाही. संसर्गानंतर बहुधा १ ते ३ दिवसांत घसा खवखवू लागतो, मागाहून शिंका, पातळ नासास्राव, नाक चोंदणे व खोकला ही लक्षणे प्रकट होतात. ज्वर मात्र प्रौढांत क्वचित, आणि आला तरी सौम्य असतो. स्राव पुढे पिवळट-हिरवट झाला की प्रतिजैविकाची मागणी करण्याचा जो रिवाज पडला आहे, तो निराधार होय.

सप्टेंबर १९९४ मध्ये वेड रोड-कतारगाम परिसरात फुप्फुसीय प्लेगाची साथ उद्भवली आणि लाखो लोकांनी शहर सोडले, तेव्हा साध्या खोकल्यानेही माणसे धास्तावली, हे स्वाभाविकच होते. तथापि त्या व्याधीत तीव्र ज्वर, धाप व रक्तमिश्रित थुंकी आढळते. पडशात ही लक्षणे नसतात. इन्फ्लुएंझा एकाएकी अंग मोडून टाकतो. अधिहर्षतेत (ॲलर्जीत) डोळे व नाक खाजते, पण ज्वर येत नाही. पडसे सामान्यतः ७ ते १० दिवसांत ओसरते, खोकला मात्र अधिक काळ रेंगाळतो. श्वासकष्ट, छातीत वेदना वा उताराला लागून पुन्हा चढलेला ताप असल्यास वैद्यकीय तपासणी अगत्याची ठरते.