कुलेब्राचा निस्तार

कोलोरॅडोत डोंगर चढणाऱ्यांची मोजदाद चौदा हजार फुटांपासून सुरू होते. त्याहून उंच शिखरं राज्यात पन्नासच्या वर आहेत. नक्की ५३ की ५८, यावर इथले जाणते तासन्‌तास वाद घालतात. बहुतेक शिखरं सरकारी जंगलात. पायथ्याशी गाडी लावायची आणि चालू पडायचं. यादीत अगदी दक्षिणेला, न्यू मेक्सिकोच्या बाजूला, कुलेब्रा येतं. ते अख्खं शिखर एका खासगी रँचच्या आत आहे. चढायचं तर आधी नोंदणी, माणशी १५० डॉलर, काही झालं तर मालकाला जबाबदार धरणार नाही अशा कागदावर सही, आणि ठरल्या दिवशी सकाळी फाटकाशी हजेरी.

मी पैसे भरून गेलो. वर धड पायवाट नाही, गवत आणि मग दगडांची लांबच लांब धार. चढ सोपा, वारा वाईट. आमच्या डेन्व्हरच्या मराठी ट्रेकिंग गटातला एकजण मात्र जाण्याआधीच चिडला होता. त्याचं म्हणणं, सह्याद्रीत आयुष्यभर फिरलो, कधी कुणी वर जायचे इतके पैसे मागितले नाहीत. डोंगर काय कुणाच्या बापाचा असतो का?

कुलेब्राच्या बाबतीत या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर आहे, आणि ते असं की तो आधी एका मुलाचा होता आणि मग त्याच्या बापाचा झाला.

१८४४ साली हा मुलूख मेक्सिकोचा होता. उत्तरेकडून अमेरिकन सरकत येत होते, आणि सरहद्दीवर आपली माणसं बसवावीत म्हणून गव्हर्नर मानुएल आर्मिहो मोठमोठी वतनं वाटत सुटला होता. त्यातलं सांग्रे दे क्रिस्तो नावाचं वतन सुमारे दहा लाख एकरांचं. ते मिळालं दोघांना: स्टीफन लुईस ली आणि नार्सिसो बोबियन. नार्सिसोला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याचा बाप, कार्लोस बोबियन, मूळचा कॅनडातला फ्रेंच, ताओसचा व्यापारी. त्याच्या नावावर दुसरं भलंमोठं वतन आधीच होतं, म्हणून हे पोराच्या नावावर. आपल्याकडच्या कमाल जमीन कायद्याच्या काळात पाळण्यातल्या बाळांच्या नावावर जमिनी झाल्या, त्या गोष्टी मला आठवल्या. १८४७ च्या जानेवारीत ताओसमध्ये अमेरिकनांविरुद्ध उठाव झाला आणि त्यात ली आणि नार्सिसो दोघेही मारले गेले. पोराचा हिस्सा बापाकडे आला. लीचा हिस्सा त्याने १०० डॉलरला विकत घेतला.

पुढच्या वर्षी तहाने हा सगळा प्रदेश अमेरिकेकडे गेला. बोबियनकडे दहा लाख एकर होते, पण माणसांवाचून जमिनीला किंमत नसते. त्याने ताओसकडची कुटुंबं बोलावली. १८५१ मध्ये सान लुईस वसलं. कोलोरॅडोतलं सलग वस्ती असलेलं सगळ्यात जुनं गाव ते हेच. १८५२ मध्ये लोकांनी हाताने पाट खणला. आजही राज्याच्या पाणीहक्कांच्या नोंदीत तो पहिल्या क्रमांकावर आहे. जमीन वाटली ती ओढ्यापासून डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या लांब, चिंचोळ्या पट्ट्यांत, म्हणजे प्रत्येकाला थोडं पाणथळ, थोडं पेरणीचं आणि थोडं माळरान मिळावं. शिवाय गावाच्या कडेला एक सामायिक कुरण, ‘ला वेगा’. तेही अजून सामायिकच आहे.

पण तेवढ्यावर तिथे कुणी जगू शकत नाही. गाव जवळपास आठ हजार फुटांवर. हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. चुलीला आणि शेकोटीला लाकूड हवं, घराला वासे हवेत, उन्हाळ्यात मेंढरांना वरचं गवत हवं. हे सगळं ‘ला सिएरा’त, कुलेब्राच्या उतारांवर. बोबियनलाही ते ठाऊक होतं. ११ मे १८६३ ला त्याने स्पॅनिशमध्ये एक दस्त लिहून दिला: गावातल्या सगळ्यांना चराई, पाणी, सरपण आणि इमारती लाकूड यांचा उपभोग राहील, फक्त एकाने दुसऱ्याचं नुकसान करू नये. पुढच्याच वर्षी तो वारला.

हा दस्त मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी भंडारा जिल्ह्यातला, पटवाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या दप्तरात गावागावाचं निस्तार पत्रक असायचं. या गावाच्या लोकांनी कुठल्या झुडपी जंगलातून सरपण न्यायचं, गुरं कुठे चारायची, वखरा-नांगराला लाकूड कुठून घ्यायचं, मयत कुठे न्यायचं, सगळं त्यात. मालगुजार गेले, जमिनी सरकारजमा झाल्या, तरी निस्तार राहिला. वडील म्हणत, मालकी एकाची असली तरी जमीन एकाची नसते. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना उगाच ठेवलेला नाही. घेणारा पहिल्यांदा तोच वाचतो, किंवा त्याने वाचायला हवा.

बोबियननंतर वतन विल्यम गिल्पिनने घेतलं. हा कोलोरॅडो प्रांताचा पहिला गव्हर्नर. जुन्या रहिवाशांना दिलेले हक्क आपण पाळू, असं त्याने कबूल केलं होतं. नंतर जमिनीचे तुकडे पडले, मालक बदलले, कंपन्या आल्या-गेल्या. लोक मात्र शंभर वर्षं वर जात राहिले, घोड्यावर, बैलगाडीने, मग ट्रकने. कुणी अडवलं नाही.

१९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या जॅक टेलर नावाच्या लाकूड व्यावसायिकाने यातले सुमारे ७७,५०० एकर विकत घेतले. त्याच्या खरेदीखतातच लिहिलं होतं की चराई, सरपण आणि लाकडाबाबत स्थानिक लोकांचे जे दावे असतील त्यांसह ही विक्री आहे. म्हणजे इतर हक्काचा रकाना भरलेला होता. त्याने तो वाचला, आणि खोडायला कोर्टात गेला. कुंपण घातलं, रस्ते अडवले, आणि जमिनीवर आपल्याखेरीज कुणाचाही हक्क नाही असं जाहीर करून मिळावं म्हणून डेन्व्हरच्या संघीय न्यायालयात दावा लावला. काही गावकऱ्यांना समन्स मिळालं. बाकीच्यांसाठी वर्तमानपत्रात नोटीस. आपल्याकडे ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ म्हणून शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टायपात छापतात तसलीच ती, आणि ज्याच्याबद्दल छापलेली असते त्याने ती वाचू नये अशीच जणू तिची रचना असते. निकाल १९६५ मध्ये टेलरच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टानेही दोन वर्षांनी तोच कायम केला.

मग जे व्हायचं ते झालं. वरचं गवत गेल्यावर मेंढरं विकावी लागली. मेंढरं गेल्यावर तरुण डेन्व्हर-प्वेब्लोकडे गेले. सरपण विकत घ्यायची पाळी आली, तीही ज्या डोंगराच्या सावलीत राहायचं त्याच डोंगराकडे बघत. दोन्हीकडून हाणामाऱ्या झाल्या. १९६१ मध्ये टेलरच्या माणसांनी गावच्या तीन पोरांना बडवलं. १९७५ मध्ये कुणीतरी टेलरच्या घरावर गोळ्या झाडल्या, एक त्याच्या घोट्याला लागली.

आणि या सगळ्या काळात गिर्यारोहक वर जातच होते! टेलर कुटुंबाच्या वेळीही पैसे भरले की शिखर उघडं होतं, फक्त भाव आजच्यापेक्षा कमी होता. ज्यांच्या पणजोबांनी पाट खणला त्यांना फाटक बंद, आणि डेन्व्हरहून शनिवारी येणाऱ्याला पावतीवर खुलं. माझ्या मते कुलेब्राच्या इतिहासातली सगळ्यात लाजिरवाणी बाब ही, आणि ती गिर्यारोहणाच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यांत फक्त फोन कुठे करायचा आणि किती डॉलर, एवढं असतं.

१९८१ मध्ये आपोलिनार राएल आणि इतर गावकऱ्यांनी पुन्हा दावा लावला. मधल्या काळातल्या मालकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९९ मध्ये टेलरच्या मुलाने रँच विकली ती लू पाय याला. हा एन्रॉनचा बडा अधिकारी. होय, दाभोळवाली एन्रॉन. गुहागरच्या बाजूला विजेच्या दरावरून आपण ज्या कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतो, तिच्यातून निघालेल्या पैशाने त्याच सुमारास कोलोरॅडोतलं एक चौदाहजारी शिखर खरेदी झालं. पुढे रँच टेक्सासवाल्यांकडे गेली. २०१७ मध्ये ती पुन्हा विक्रीला होती तेव्हा सांगितलेली किंमत १० कोटी ५० लाख डॉलर होती.

दाव्याचं काम मात्र हळूहळू पुढे सरकलं. १९९४ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातल्या त्या नोटिशीवर बोट ठेवलं: ज्यांची नावं-पत्ते सहज सापडले असते त्यांना वर्तमानपत्रातून कळवणं पुरेसं नव्हतं. शेवटी २४ जून २००२ ला त्याच दाव्याचा निकाल लोबाटो विरुद्ध टेलर या नावाने आला. १८६३ चा दस्त अपुरा, त्यात हद्दी नाहीत, कायद्याची भाषा नाही. पण लोकांनी शंभर वर्षं केलेला वापर, गिल्पिनची कबुली आणि टेलरच्या स्वतःच्या खतातली नोंद यांच्यासह वाचला तर अर्थ स्पष्ट आहे, असं बहुमताने ठरलं. चराई, सरपण आणि इमारती लाकूड यांचे हक्क मान्य झाले. हे हक्क माणसाला चिकटलेले नाहीत, त्याच्या खालच्या जमिनीच्या तुकड्याला चिकटलेले आहेत. त्यामुळे कुणाचा तुकडा जुन्या वाटपातला हे शोधण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. ज्यांचं सिद्ध झालं त्यांना फाटकाची किल्ली मिळाली. मालकाने त्यावरही अपील केलं. २०१८ मध्ये तेही फेटाळलं गेलं.

२००२ च्या निकालात आणखी तीन मागण्या होत्या: शिकार, मासेमारी आणि करमणूक. त्या न्यायालयाने नाकारल्या. दस्तात त्या नाहीत. म्हणजे आज सान लुईसचा एखादा शेतकरी ट्रक घेऊन कुलेब्राच्या उतारावर हक्काने लाकूड तोडू शकतो, पण केवळ हौसेने शिखरावर जायचं म्हटलं तर त्याला माझ्यासारखेच १५० डॉलर मोजावे लागतील.

आमच्या गटात हे सांगितल्यावर लोक हसले. मला त्यात विसंगती दिसत नाही. १८६३ मध्ये सान लुईसात कुणी हौसेने डोंगर चढत नव्हतं, म्हणून दस्तात ते आलं नाही. सरपणावाचून माणूस मरत होता, म्हणून ते आलं. कोर्टाने क्रम बरोबर लावला.

गिर्यारोहकांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटतो, आणि बऱ्यापैकी सुटतोही. उत्तरेला आल्मा गावाजवळ डेमोक्रॅट, लिंकन, ब्रॉस ही शिखरं आहेत. १८७२ च्या खाणकायद्याखाली चांदी-सोन्याच्या आशेने तिथे घेतलेले पट्टे कायमचे खासगी झाले, आणि खाणी बंद पडल्यावर मालकांकडे उरली भोकं पडलेली शिखरं. कुणी त्या भोकात पडलं तर दावा आपल्यावर येईल या भीतीने २००५ मध्ये त्यांनी वाटा बंद केल्या. मग उघडल्या, पुन्हा बंद केल्या, सह्यांचे कागद आले. २०२३ मध्ये एका निसर्गसंवर्धन संस्थेने डेमोक्रॅटच्या माथ्यासह २८९ एकर विकत घेऊन वनखात्याच्या हवाली केले. २०२४ मध्ये विधिमंडळाने जमीनमालकांच्या जबाबदारीचा कायदा सैल केला. ब्रॉसचा माथा अजून बंदच आहे, आणि लोक अजून चोरून जातात.

कुलेब्राही असंच कुणीतरी विकत घेऊन वनखात्याला द्यावं, असं आमच्या गटाला वाटतं. नव्वदच्या दशकात राज्य सरकारने रँच घ्यायचा प्रयत्न करूनही पाहिला होता, जमलं नाही. मला स्वतःला त्या कल्पनेची थोडी धास्तीच वाटते. सरकारी जंगलात आम्हाला फुकट चढता येईल, हे खरं. पण सरकारी जंगलात सरपणाला परवाना लागतो, त्याची फी असते, गोळा करायच्या तारखा ठरलेल्या असतात. तेव्हा जी काही खरेदी व्हायची ती व्हावी, फक्त खतात १८६३ चा दस्त शब्दशः उतरवलेला असावा. सध्या तरी कुणी विकायच्या बेतात दिसत नाही. उलट मालकाने रँचच्या कडेने आठ फुटी जाळीचं कुंपण घालायला घेतलं, आणि त्यावरून गाव, काउंटी आणि रँच यांची नवी लढाई सुरू झाली आहे.