वाळ्याची ताटी

आमच्या नागपूरकडे वैशाखात दुपारी दारे लावून घेतल्याशिवाय गत्यंतर नसते. त्या दारांना टांगावयाच्या वाळ्याच्या ताटीचा इतिहास येथे थोडक्यात सांगावासा वाटतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त तिची नोंद आहे. बादशहाच्या आज्ञेवरून बांबूच्या चौकटीत वाळा भरून खोल्या करीत व वर गार पाणी शिंपडीत. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाची मोठी पेटी आली. आत पंख्यांचे चाक, बाजूंना ओला वाळा आणि चाक फिरवावयास माणूस! आजचा कूलर त्याच तत्त्वावर चालतो. माणसाच्या जागी वीज आली, इतकेच.

तत्त्व साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता ओढून घेते. म्हणूनच कोरड्या विदर्भात ताटी गारवा देते, दमट मुंबईत तिचा फारसा उपयोग होत नाही.

परंतु या इतिहासात मला एक गोष्ट खटकते. बादशहाचे नाव राहिले. ताटी भिजविणाऱ्याचे, चाक फिरविणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. साध्या घरांतून तर ताटीचे पाणी विहिरीवरून बायकांनीच वाहिले. आजही कित्येक गावांत उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन दूर जावे लागते ते स्त्रीलाच. कूलरची टाकी भरताना आपण तिची आठवण ठेवावी आणि पाणी जपून वापरावे, एवढीच विनंती.